टोटल स्टेशनने प्लॉटचा सर्व्हे: परत जावे लागू नये म्हणून पाळायचा क्रम

सर्व्हे पुन्हा करण्याची पाळी येते तेव्हा कारणे बहुतेक ठरलेली असतात. मशीन (टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) भलत्याच खिळ्यावर लावले, बॅकसाइट (मशीनला दिशा देणारा माहीत असलेला बिंदू) न तपासता शंभर पॉइंट उचलले, प्रिझमची (मशीनचा किरण परत पाठवणाऱ्या काचेची) उंची मध्येच बदलली आणि मशीनमध्ये टाकायची राहिली. यातली एकही चूक साइटवर दिसत नाही. स्क्रीनवर आकडे येत राहतात, पॉइंट सेव्ह होत राहतात, आणि ऑफिसात ड्रॉइंग उघडल्यावर कंपाउंडची भिंत रस्त्यात गेलेली दिसते.

हा लेख नव्याने फील्डवर उतरलेल्या टेक्निशियनसाठी आहे. ठाणे-नवी मुंबईत नेहमी येणारे काम धरले आहे: एक-दोन एकरांचा प्लॉट, टोटल स्टेशन, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी आडवी दुर्बीण) आणि तिघांची टीम. एक जण मशीनवर, एक प्रिझमवर, एक टेप-कोयता-पेंटवर.

## आधी हद्दीबद्दल

सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून कोपरे जमिनीवर काढून द्या, असे मालक किंवा साइट इंजिनिअर सहज सांगतो. ते आपले काम नाही. हद्द कायम करण्याची मोजणी भूमी अभिलेख खाते करते. त्यासाठी ई-मोजणीत अर्ज करावा लागतो, आणि मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ठाणे शहरात नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहावे लागते. सिडकोच्या प्लॉटची आखणी सिडकोकडून मिळते.

आपण साइटवर जे उभे आहे तेवढेच उचलायचे: भिंत, तारेचे कुंपण, बांध, जुना हद्दीचा दगड. फील्ड बुकात आणि पॉइंटच्या कोडमध्ये ‘हद्द’ असा शब्द वापरू नका, ‘कुंपण’ किंवा ‘भिंत’ लिहा. तुम्ही सहज लिहिलेला ‘हद्द’ हा शब्द पुढे शेजाऱ्याच्या वकिलाच्या हातात जाऊ शकतो.

## १. आदल्या दिवशी

बॅटऱ्या रात्री चार्जिंगला लावा, दोन्ही. मग सामान मोजून गाडीत ठेवा: मशीनचा ट्रायपॉड, बॅकसाइटसाठी दुसरा ट्रायपॉड आणि ट्रायब्रॅच (प्रिझम बसवायची स्क्रूंची बैठक), दोन प्रिझम, रॉड, बायपॉड (रॉडचा दोन पायांचा आधार), ऑटो लेव्हल आणि स्टाफ (लेव्हलमधून वाचायची आकड्यांची पट्टी), ५ मीटरचा स्टील टेप, ३० मीटरचा टेप, काँक्रीटचे खिळे, लाकडी खुंट्या, हातोडा, कोयता, लाल ऑइल पेंट, खडू, छत्री, फील्ड बुक, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. खाडीकडच्या प्लॉटवर गमबूट हवेतच. छत्री तुमच्याआधी मशीनसाठी आहे. एका बाजूने ऊन लागले की बबल सरकतो.

यानंतर तीन तपासण्या. मोकळ्या जागेत अर्ध्या-पाऊण तासात होतात, आणि याच सर्वांत जास्त टाळल्या जातात.

टोटल स्टेशन. शंभरेक मीटरवरचा स्पष्ट बिंदू दोन्ही फेसने वाचा, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून. आडव्या कोनात बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा, उभ्या कोनांची बेरीज ३६० अंश यायला हवी. कोन पाच सेकंदांपर्यंत अचूक मोजणाऱ्या मशीनवर फरक २०-३० सेकंदांपुढे जात असेल तर मशीनमधला कॅलिब्रेशन प्रोग्राम चालवा. तरीही फरक राहिला तर मशीन दुरुस्तीला द्या.

ऑटो लेव्हल. ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका आणि लेव्हल बरोबर मध्ये लावा. समजा अ वर १.४२० आणि ब वर १.१६५ आले, फरक ०.२५५. आता लेव्हल अ पासून तीनेक मीटरवर न्या. अ वर १.५३० आले तर ब वर १.२७५ यायला हवे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत चालेल. जास्त फरक असेल तर लेव्हलची दृष्टिरेषा आडवी नाही.

रॉडचा बबल. रॉड बायपॉडमध्ये उभा करून बबल मध्ये आणा, मग रॉड स्वतःभोवती अर्धा फिरवा. बबल जागचा हलला तर तो खोटा आहे. निम्मा फरक बबलच्या स्क्रूने आणि निम्मा बायपॉडने काढा. दोन मीटरवर प्रिझम असताना रॉड एक अंश कलला तर पॉइंट ३५ मिलिमीटर सरकतो.

> तपासा: मशीनमधला प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझममुळे अंतरात करायची दुरुस्ती) आणि हातातला प्रिझम जुळतो का? बाजारात ० आणि उणे ३० मिलिमीटर असे दोन्ही प्रिझम फिरतात, आणि कंपनीगणिक आकडा मोजण्याची पद्धतही वेगळी असते. टेपने २० मीटर मोजा, तेच अंतर मशीनने घ्या. तीन सेंटीमीटरचा फरक आला तर दोष इथेच आहे.

ऑफिसकडून कंट्रोल पॉइंटची (कोऑर्डिनेट आधीच माहीत असलेल्या खुणांची) यादी कागदावर घ्या, आणि सोबत दोन गोष्टी विचारून लिहून घ्या.

पहिली, हे कोऑर्डिनेट यूटीएमचे (पृथ्वीचे झोन पाडून केलेल्या जागतिक ग्रिडचे) आहेत की लोकल. हा भाग यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतो, पण झोनच्या मध्यरेषेपासून, म्हणजे ७५ अंश रेखांशापासून, बराच पश्चिमेला आहे. त्यामुळे ग्रिडवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा जास्त येते: बेलापूरकडे किलोमीटरमागे १२-१३ सेंटीमीटर, घोडबंदरकडे १७ पर्यंत. ठाण्यात ३०० मीटरवरच्या दोन डीजीपीएस (अचूक जीपीएसने ठरवलेल्या) पॉइंटमध्ये मशीनला जवळपास ५ सेंटीमीटर कमी अंतर दिसते ते यामुळे. कित्येक जण ही चूक समजून पॉइंटच हलवतात. स्केल फॅक्टर (जमिनीवरचे अंतर ग्रिडवरचे करणारा गुणक) मशीनमध्ये टाकायचा की १.००००० ठेवायचा, हे ऑफिसने ठरवायचे आणि पूर्ण कामभर तेच ठेवायचे. अर्धे काम एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने झाले तर मग जुळवता येत नाही.

दुसरी, आरएल (ठरलेल्या शून्यापासूनची उंची) कोणत्या शून्यापासून. समुद्राची सरासरी पातळी, बंदराचा चार्ट डेटम (सागरी नकाशांवरच्या खोलीचे शून्य) आणि मुंबईच्या जुन्या ड्रॉइंगवर सापडणारा टाउन हॉल डेटम, ही तिन्ही शून्ये वेगळी आहेत. मुंबई बंदरात सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या साधारण अडीच मीटर वर आहे. खाडीकाठच्या भरावाच्या कामात अडीच मीटर म्हणजे सगळे कामच. जीपीएसची उंची इथे उणे येते, कारण ती लंबगोलापासून मोजलेली असते. ती आरएल म्हणून कुठेही लिहू नका.

## २. साइटवर पोहोचल्यावर: मशीन पेटीतच ठेवा

पहिला अर्धा-पाऊण तास नुसते फिरा. प्लॉटचे कच्चे स्केच काढा आणि उत्तर दिशा, रस्ता, नाला, गेट, मोठी झाडे, विजेचे खांब मांडा. ट्रॅव्हर्सची स्टेशने, म्हणजे कोन आणि अंतरांनी एकमेकांना जोडायच्या मशीनच्या जागा, याच फेरीत ठरतात. स्टेशन निवडताना पाहायचे ते असे:

- मागचे आणि पुढचे स्टेशन जमिनीपर्यंत दिसले पाहिजे, नुसता रॉडचा शेंडा नको.
- बाजू शक्यतो सारख्या लांबीच्या हव्यात. २० मीटरची बाजू आणि तिला लागून १५० मीटरची, असे करू नका.
- खिळा दुसऱ्या दिवशीही राहील अशा जागी हवा. जेसीबी जाईल तिथे नको, रस्त्याच्या कडेच्या पार्किंगखाली नको.

रस्त्याच्या डांबरात खिळा ठोकणे सोपे असते, पण मे महिन्याच्या दुपारी ट्रायपॉडचे पाय त्याच डांबरात हळूहळू रुततात. मशीन लावून वीस मिनिटांनी लेझरचा ठिपका पाहिला तर खिळ्याच्या डोक्यावरून उतरून कडेला गेलेला असतो. बबलही मध्यातून सरकलेला असतो, कारण तिन्ही पाय सारखे खचत नाहीत. अशा जागी पायांखाली फळीचे तुकडे ठेवा, नाहीतर स्टेशन काँक्रीटच्या कडेला घ्या. नवी मुंबईत खाडीच्या चिखलावर भराव टाकलेल्या प्लॉटवर याच कारणासाठी पायांखाली खुंट्या ठोकाव्या लागतात, आणि मशीनभोवती येरझारा घालणे बंद करावे लागते. उड्डाणपुलावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अगदी कडेला अवजड गाड्यांनी मशीन थरथरते. पर्याय असेल तर आत सरका.

> सावधान: उच्चदाबाच्या तारांखाली ॲल्युमिनियमचा स्टाफ किंवा लांबवलेला रॉड उभा करू नका. ऐरोली-कळवा पट्ट्यात अशा तारा प्लॉटवरूनच जातात. तिथले पॉइंट रॉड आखूड ठेवून किंवा दुरून रिफ्लेक्टरलेसने (प्रिझमशिवाय, थेट लेझरने) घ्या. खारफुटीत कोयता चालवायचा नाही. नजर मिळत नसेल तर स्टेशन बदला.

## ३. मशीन लावणे

क्रम बदलला की वेळ दुप्पट जातो, म्हणून तो असाच ठेवा.

१. ट्रायपॉडचे डोके नजरेने आडवे, खिळ्याच्या साधारण वर. पाय पसरट, दाबून रोवलेले.
२. मशीन बसवा, लेझर चालू करा, आणि फूट स्क्रूने (मशीनच्या बुडाच्या तीन स्क्रूंनी) ठिपका खिळ्याच्या मध्यावर आणा. या टप्प्यावर बबलकडे पाहू नका.
३. आता पायांची लांबी कमी-जास्त करून गोल बबल मध्ये आणा. ठिपका फारसा हलत नाही.
४. फूट स्क्रूने इलेक्ट्रॉनिक बबल जुळवा, आधी दोन स्क्रूंच्या रेषेत, मग ९० अंश फिरवून तिसऱ्याने.
५. ठिपका थोडा सरकला असेल तर मधला बोल्ट सैल करून मशीन डोक्यावर सरकवा. फिरवू नका. बोल्ट आवळा आणि चौथी पायरी पुन्हा करा.

मशीनची उंची खिळ्यापासून मशीनच्या बाजूच्या खुणेपर्यंत मोजा. टेप तिरपा जातोच: दीड मीटरला दहा सेंटीमीटर तिरपा गेला तर तीन मिलिमीटर जास्त येतात. साध्या टोपो (जमिनीचा नकाशा काढायच्या) कामात हे चालते. न चालणारी चूक म्हणजे मागच्या स्टेशनची उंची तशीच मशीनमध्ये राहणे. आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्याने फील्ड बुकात लिहावा, मग मशीनमध्ये टाका.

> तपासा: मशीन १८० अंश फिरवा. बबल आणि ठिपका दोन्ही जागेवर राहायला हवेत.

## ४. बॅकसाइट

बॅकसाइट म्हणजे मशीनला दिशा सांगणे. इथे झालेली चूक पूर्ण स्टेशनचे सगळे पॉइंट एकत्र फिरवते, आणि एकमेकांच्या संदर्भात ते बरोबरच दिसतात. म्हणूनच ती ड्रॉइंगमध्येही उशिरा सापडते.

बॅकसाइट पुढच्या कामापेक्षा लांब हवा. २० मीटरवरच्या बॅकसाइटला प्रिझम ५ मिलिमीटर बाजूला असेल, तर १०० मीटरवरचा पॉइंट २५ मिलिमीटर सरकतो. बॅकसाइट १०० मीटरवर असता तर तेवढ्याच चुकीने ५ मिलिमीटर सरकला असता.

प्रिझम हातात धरून बॅकसाइट देऊ नका. ट्रायपॉडवर लावा, तो नसेल तर बायपॉडवर, रॉड शक्य तितका आखूड करून. कोन घेताना क्रॉसहेअर रॉडच्या टोकावर, खिळ्याच्या जितके जवळ दिसेल तितके खाली लावा.

स्टेशनचा नंबर, बॅकसाइटचा नंबर आणि दोघांचे कोऑर्डिनेट कागदावरच्या यादीशी पडताळा. नॉर्दिंग-ईस्टिंगची (उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या आकड्यांची) अदलाबदल इथेच होते. यूटीएममध्ये या भागात ईस्टिंग सहा आकडी, नॉर्दिंग सात आकडी आणि २१ ने सुरू होणारे असते, म्हणजे नुसत्या नजरेने अदलाबदल पकडता येते.

दिशा सेट झाल्यावर बॅकसाइटचे अंतर मोजा आणि कोऑर्डिनेटवरून आलेल्या अंतराशी जुळवा. शंभर मीटरला ५ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर पुढे जा. स्केल फॅक्टर १.००००० ठेवून यूटीएमचे पॉइंट वापरत असाल तर वर सांगितलेला फरक वजा करून पाहा. त्यानंतर तिसरा एखादा माहीत असलेला पॉइंट उचला. हा तिसरा पॉइंट सोडू नका. दोन चुकीच्या खिळ्यांमधले अंतर योगायोगाने जवळपास येऊ शकते, तिसरा पॉइंट मात्र लगेच लबाडी उघडी करतो.

> तपासा: दर ३०-४० पॉइंटनंतर, मशीनला धक्का लागला तर लगेच, आणि स्टेशन उचलण्याआधी बॅकसाइट पुन्हा पाहा. शंभर मीटरला २० सेकंद म्हणजे एक सेंटीमीटर. फरक याहून जास्त असेल तर शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचे पॉइंट पुन्हा घ्यायचे. जुने पुसू नका. फील्ड बुकात ‘रद्द’ लिहून नंबर द्या.

## ५. ट्रॅव्हर्स आधी, डिटेल नंतर

वेळ वाचवायला ट्रॅव्हर्स आणि डिटेल (भिंत, रस्ता, झाडे असे बाकीचे पॉइंट) दोन्ही एकदमच करतात. लहान प्लॉटवर चालून जाते, पण शेवटी ट्रॅव्हर्स बंद झाला नाही तर डिटेलचे शेकडो पॉइंट लटकतात. आमचे मत स्पष्ट आहे: पाच स्टेशनांचा ट्रॅव्हर्स दीड-दोन तासांत होतो, तो आधी पूर्ण करा, साइटवरच तपासा, मग प्रिझम घेऊन फिरा.

प्रत्येक स्टेशनवर कोन दोन्ही फेसने घ्या. दोन फेसची सरासरी काढली की कॉलिमेशनचा, म्हणजे दुर्बिणीच्या दृष्टिरेषेचा, दोष निघून जातो. प्रत्येक बाजू दोन्हीकडून मोजली जाते. जाता-येताच्या अंतरात ५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिथेच थांबा.

बंद ट्रॅव्हर्सच्या आतल्या कोनांची बेरीज पाच स्टेशनांना ५४० अंश. साध्या कामात २० सेकंद गुणिले स्टेशनांच्या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे पाच स्टेशनांना ४५ सेकंदांपर्यंत चूक चालते. अंतराची चूक १० हजारात एक धरा: ४८० मीटरच्या फेरीला ४८ मिलिमीटर. त्याच्या आत असेल तरच बाऊडिच पद्धतीने (बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात) वाटून टाका.

कोन जुळतात पण अंतर जुळत नाही, तर प्रिझम कॉन्स्टंट किंवा एखाद्या बाजूचे वाचन पाहा. अंतरे जुळतात पण कोन पूर्ण मिनिटांनी चुकतो, तर सेंटरिंग पाहा; बहुतेक वेळा दोष सर्वांत आखूड बाजूला असतो. मोठी चूक वाटून लपवायची नाही.

## ६. डिटेल उचलताना

कोणता पॉइंट घ्यायचा हे प्रत्यक्षात प्रिझम धरणारा ठरवतो. त्याला ‘हेल्पर’ समजून नुसते पळवले तर नकाशा तसाच येतो. त्याला सकाळीच सांगा: भिंतीचा पॉइंट बाहेरच्या कडेला की आतल्या, रस्त्याची कड डांबराची की कर्बची, नाल्याचा वरचा काठ आणि तळ दोन्ही.

प्रिझमची उंची दिवसभर एकच ठेवा. झुडपे आडवी आली तर दुसरी एक ठरलेली उंची, समजा २.०० मीटर, एवढीच. उंची बदलणाऱ्याने आधी हाक द्यायची, मशीनवरच्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, मगच पुढचे वाचन. दीड मीटरचा रॉड दोन मीटर करून सांगितला नाही, तर तिथून पुढचा प्रत्येक आरएल अर्धा मीटर उंच येतो, आणि नकाशावर सपाट जमिनीत अचानक पायरी दिसते.

झाडाला रॉड खोडाच्या बाजूला लागतो, मध्यात नाही. मशीनकडून पाहता खोडाच्या शेजारी, सारख्याच अंतरावर रॉड धरून अंतर घ्या आणि कोन खोडाच्या मध्यावर घ्या. जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहा. महापालिकेच्या वृक्ष विभागाला दोन्ही लागतात.

इमारतीचे कोपरे रिफ्लेक्टरलेसने घेताना लेझरचा ठिपका अर्धा भिंतीवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडतो, मग अंतर भलतेच येते. ठिपका कोपऱ्यापासून थोडा आत घ्या, किंवा दोन्ही भिंतींवर दोन-दोन पॉइंट घेऊन छेद काढा. ओल्या आणि काचेच्या पृष्ठभागावर तर भरवसाच ठेवू नका.

> सावधान: चेंबरचा तळ मोजायला आत उतरू नका, झाकण काढून लगेच वाकूही नका. वायूने माणसे मरतात. झाकणाच्या कडेचा आरएल घ्या आणि वरून स्टाफ किंवा टेप सोडून खोली मोजा.

## ७. लेव्हल

बेंचमार्कपासून (आरएल माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून) आरएल ऑटो लेव्हलनेच आणा, टोटल स्टेशनने नाही. साइटवर दोन टीबीएम (तात्पुरते बेंचमार्क) करा, एक फुटला तर दुसरा. जागा म्हणून मोरीचा कठडा किंवा ट्रान्सफॉर्मरचा चौथरा चांगला. रस्त्याचा कर्ब नको. पुढच्या डांबरीकरणात तो उचकटला जातो.

समजा बेंचमार्क ५.२५० आणि बॅकसाइट (इथे बेंचमार्कवरच्या स्टाफचे वाचन) १.३४५, दृष्टिरेषा ६.५९५. फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचे वाचन) ०.८७०, म्हणजे बदल बिंदू (लेव्हल पुढे हलवताना धरायचा मधला बिंदू) ५.७२५. लेव्हलच्या प्रत्येक मुक्कामाला मागचे आणि पुढचे अंतर सारखे ठेवा, पावलांनी मोजले तरी चालेल. लेव्हलचा उरलेला दोष त्यात कटतो. बदल बिंदू दगडावर किंवा काँक्रीटवर, मातीवर कधीच नाही. सरकत्या स्टाफचा वरचा भाग खटकन लॉक झाला की नाही ते दर वेळी पाहा. लॉक अर्धवट राहिला तर वरच्या भागातली सगळी वाचने चुकतात.

परत बेंचमार्कवर येऊन बंद करा. ६०० मीटरच्या फेरीला १२ गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ, म्हणजे ९ मिलिमीटरपर्यंत चूक चालेल. बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज हे शेवटचा आरएल वजा पहिला आरएल याच्याशी जुळलेच पाहिजे. जुळले नाही तर चूक हिशोबात आहे, पुन्हा लेव्हल लावायची गरज नाही.

## ८. साइट सोडण्याआधी

सामान बांधण्याआधी मशीनच्या स्क्रीनवर पॉइंटचा नकाशा उघडा आणि सकाळच्या स्केचशेजारी धरा. गेट आहे का, नाल्याचा दुसरा काठ घेतला का, शेजारच्या प्लॉटची भिंत किमान दहा मीटरपर्यंत उचलली का.

कुंपणाच्या आतले क्षेत्र मोजून सातबाऱ्याशी ताडून पाहा, फक्त अंदाजासाठी. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते आणि मालक गुंठ्यांत बोलतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. फरक दिसला तर ऑफिसला कळवा, मालकाशी तिथेच चर्चा करू नका.

डेटा त्याच संध्याकाळी उतरवा. मशीनमधली मूळ फाइल न उघडता, न बदलता एका फोल्डरमध्ये ठेवा आणि हिशोब तिच्या प्रतीवर करा. जॉबच्या नावात तारीख आणि जागा घाला. जुन्याच जॉबमध्ये नव्या साइटचे पॉइंट टाकले तर नंबर एकमेकांवर चढतात. फील्ड बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, स्टेशनच्या खिळ्यांचे आणि टीबीएमचेही, आजूबाजूच्या दोन पक्क्या वस्तूंपासून टेपने घेतलेल्या अंतरांसह. मशीनमधला जॉब ऑफिसने नकाशा तपासून होकार दिल्यावरच पुसायचा. पावसात भिजलेले मशीन पेटीत बंद करू नका. पुसून, झाकण उघडे ठेवून रात्रभर पंख्याखाली सुकू द्या.